विमानातून घातलेलं गाऱ्हाणं

विमानाला हॉर्न नसतो.

ही गोष्ट मला खाली असताना कोणी सांगितली असती तर मी चढलेच नसते! मी इब्रामपूरची. आमच्याकडे अरुंद वळणावर बसच्या आधी तिचा हॉर्न येतो, माणसं कडेच्या दगडी गडग्याला चिकटतात, बस जाते, माणसं सुटतात. रहदारीतलं मला एवढंच कळतं. (शाळा आठवीत सुटली, पण हॉर्न कळायला शाळा कशाला लागते?)

तर आमचे धाकटे भावजी विमान चालवायला शिकले. घाटापलीकडे त्यांची शिकायची जागा. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि चारी बाजूंना ऊस. लायसन मिळाल्यावर म्हणाले, पहिली फेरी आईला! म्हणून सर्वणहून गाडी करून आम्ही गेलो, सासूबाई, मी आणि माझी रांगती पोर. ह्यांना दुकान सोडता येईना. सासूबाईंनी विमान जवळून बघितलं, पंखाला बोट लावून बघितलं, आणि एकदम लंगडायला लागल्या.

"माझो गुडघो दुखता रे. वैनीक घेवन जा."

"आई, पोर रडेल!" मी म्हटलं.

"पोराक मी आसंय. चड!"

सासूबाई चढ म्हणाल्या की मी माडावरसुद्धा चढते. चढले! भावजींनी पट्टा आवळला, कानांवर भोंगे बसवले आणि म्हणाले, "वैनी, समोरच्या दांड्याक हात लावायचो नाय." मी हात मांडीखाली घालून बसले. विमान म्हणजे काय, आमच्या ह्यांचा टेम्पो बरा! दार बंद करायला भावजींना ते दोनदा आपटावं लागलं.

वर गेल्यावर आधी देव आठवले, मग खाली सासूबाईंच्या कडेवरची माझी पोर दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी! भावजी मात्र आपले एकटेच बडबडायला लागले. मी आता अमुक ठिकाणी, मी आता तमुक बाजूला वळतोय.

"कोणाशी बोलताय?"

"सगळ्यांशी. हंय टॉवर नाय, वैनी. कोण कोणाक सांगणारो नाय. पट्टीभोवती चौकोनी फेरो घालायचो नि दर वळणार आपण खंय आसो ता आपणच बोलायचा. दुसरो आयकता नि संभाळता."

"आणि दुसरा बोललाच नाही तर?"

"मगे डोळे उघडे ठेवचे."

म्हणजे तोंडाने हॉर्न! इतक्यात कानात एक मुलगी बोलली. भावजी मान लांब करून इकडे बघायला लागले, तिकडे बघायला लागले.

"ती पण उतराक येता."

"कुठे आहे?"

"तीच तर दिसत नाय!"

झालं! डॉक्टरने नाडी बघून "मिळत नाही" म्हटलं तर कसं होईल, तसं माझं झालं. धरायला काहीतरी हवं होतं. दांड्याला हात लावायचा नव्हता, पण दांड्याला गुंडाळलेली एक वायर होती आणि तिच्या टोकाला करंगळीएवढं बटन. बटनाबद्दल भावजी काही बोललेच नव्हते! ते मी मुठीत आवळलं, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्या गावात देवळात देवाला गाऱ्हाणं माझे बाबा घालतात, आणि जमलेली माणसं मागून "होय म्हाराजा!" म्हणतात. बाईमाणसाने घालायचं नसतं, पण तिथे वर दुसरं कोण होतं? आणि गाऱ्हाण्यात आधी आपण कोण, कुठले, कुठे उभे ते नीट सांगावं लागतं, नाहीतर देव यायचा कुठे?

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! इब्रामपूरची लेक नि सर्वणची सून आज वर लटाकली आसा रे म्हाराजा! डाव्या हाताक साखर कारखान्याची चिमणी, उजव्या हाताक तळा, आता पट्टीकडे वळतंव!" (मध्ये मध्ये एक डोळा उघडून बघत होते.) "खाली माझी पोर आसा. माका काय झाला तर ती सासूच्या हातात वाढतली! सासू वायट नाय रे म्हाराजा, पण पोरीक चोरून चायेत बुडवलेलो पावाचो उंडो देता, नि शेजारणीक सांगता सुनेक पेज करूक येना नाय! गुडघो तिचो कधीच दुखना नाय! तिच्या तावडीत माझी पोर देऊ नको, माका खाली घाल रे म्हाराजा!"

"वैनी, बटन सोडा! तुमी बटन दाबल्यार दुसऱ्या कोणाक बोलूक गावना नाय!"

"थांबा हो! गाऱ्हाणं अर्धं सोडलं तर देव कोपतो!"

"देव मागीर कोपतलो, आदी ती येऊन आपटतली!"

ते ऐकलं आणि माझी बोटंच आखडली. मूठ उघडेना! भावजींनी एका हाताने विमान धरलं, दुसऱ्या हाताने माझी बोटं एकेक करून सोडवली. बटन सुटलं. एक क्षण कानात नुसती खरखर. आणि मग तीच मुलगी, हसू दाबत,

"होय म्हाराजा!"

कुडाळकडची निघाली! म्हणाली, "चिमणी तुमच्या डाव्या हाताक म्हणजे तुमी माझ्या पुढ्यात. तवाच मी वळान भायर इलंय. वैनीक आदी उतरवा." आणि खरंच, आमच्या मागून एक पांढरं विमान बगळ्यासारखं कलून बाजूला गेलं. इतकं जवळ, की मला तिची वेणी दिसली. (भावजी म्हणतात, वेणी दिसणं शक्य नाही. मी सांगते, दिसली!)

आम्ही उतरलो. म्हणजे आधी आपटलो, मग उडालो, मग उतरलो. दार उघडल्याबरोबर मी पोरीकडे धावले. शेडच्या दारात भावजींचे सर तोंडावर रुमाल धरून उभे होते, आणि त्यांच्या बाजूला सासूबाई, कडेवर पोर, अगदी ताठ उभ्या. शेडमध्ये एक स्पीकर असतो. वर जे जे बोलतील ते खाली सगळं ऐकू येतं.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "देवान आयकला काय नाय माका ठाऊक नाय. मी आयकलंय."

मी पोरीला घेतलं, तिचा एक मुका घेतला, आणि मागे वळून म्हटलं, "भावजी, टाकीत अजून तेल आहे ना? पोरीला घेऊन आणखी एक फेरी मारूया!"