वरवंट्याने बसवलेली बॅटरी

क्लॅम्प बसेना, तेव्हा दिनकररावांनी स्वयंपाकघरातून वरवंटा मागवला.

अधिक महिना होता. धोंड्याच्या मानासाठी ते चुडाव्याहून सेलूला सासुरवाडीत आले होते. सासऱ्यांनी दिलेला नवाकोरा सफारी अंगात घालून नुसते अनारसे खात बसलं, की कोणत्याही धडधाकट माणसाला काहीतरी दुरुस्त करावंसं वाटतंच. त्यात सासऱ्यांच्या, म्हणजे आबासाहेबांच्या, जुन्या लँडमास्टर गाडीची बॅटरी चार्ज होऊन आलेली. घरी ट्रॅक्टर असलेल्या माणसानं बॅटरी कशी बसवायची हे का कुणाला विचारायचं? मायनस बॉडीला, प्लस वायरीला. एक क्लॅम्प ढिला पडला, तिथं पत्र्याचा तुकडा कोंबला. दुसरा लहान पडला, तो पेचकसानं फाकवून वर वरवंटा घातला. मग मोठ्या थाटात रेडिओचं बटण फिरवलं.

रेडिओ बोलला नाही. त्यानं धूर सोडला.

सासूबाई पार्वतीबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "जुनाच होता मेला! जावईबापू, तुम्ही आत या. पुरणाचे धोंडे गरम आहेत." झालं, निकाल लागला. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, आणि विष्णूच्या हातून रेडिओ जळत नसतो.

पण तो रेडिओ आश्रुबानं केलेला होता.

आश्रुबा देवगाव फाट्याकडचा. आईबापासंगं ऊसतोडीला जायचा. कारखान्याच्या वाटेवर त्यानं एका ट्रकवाल्याचा मुका रेडिओ बोलता केला आणि हातातला कोयता पाचटात ठेवला, तो ठेवलाच. पुढं परभणीत एका हैदराबादी उस्तादाच्या हाताखाली सोल्डरिंग आणि शिव्या दोन्ही शिकला. दोन्हीत हात साफ. सेलूत जिनिंगच्या भिंतीला लागून त्यानं दुकान टाकलं, आणि गावाला त्याचा राग पाठ झाला. ते दिवस कॅसेटचे. जो तो जुन्या गाडीची समोरची, डॅशबोर्डची फळी करवतीनं कापून टेप बसवायचा. असं कापलेलं गिऱ्हाईक दारात आलं की आश्रुबा शटर ओढायचा. "आज्याला नवी कवळी बसवायची तर गाल फाडता व्हय?" हे त्याचं म्हणणं. तोंड जुनं तेच ठेवायचं, पोटात काय बदलायचं ते बदला.

आबासाहेबांच्या गाडीवर त्यानं सगळा उन्हाळा घालवला होता. पिवळी पडलेली तबकडी आणि हस्तिदंती रंगाची बटणं तशीच. आत व्हॉल्व्हच्या जोडीला ट्रान्झिस्टरचं नवं मशीन. फाटलेल्या स्पीकरचा कागद खळीनं सांधला, शिवाय दोन नवे स्पीकर मागच्या सीटच्या पाठीशी त्याच जुन्या कापडाखाली दडवले. परभणी केंद्रावरच्या बातम्यांत 'श' आणि 'स' निराळा ऐकू येईपर्यंत तो गाडीतून उतरला नव्हता. संध्याकाळी अर्धी गल्ली त्या गाडीला टेकून बातम्या ऐकायची. नामांतराची बातमी आली की भांडणं व्हायची. पण आवाज वाढवा, यावर दोन्ही बाजूंचं एकमत असायचं.

आणि नेमके आजच परभणीकडचे बागायतदार किशनराव वडिलांच्या वेळची शेवरोले घेऊन येणार होते. आधी आबासाहेबांचा रेडिओ ऐकायचा, पसंत पडला तर गाडी आश्रुबाच्या स्वाधीन. तशी गाडी जिल्ह्यात दुसरी नव्हती, आणि आश्रुबा तिच्या वाटेकडं वर्षभर डोळे लावून बसला होता.

किशनराव आले. आश्रुबा धुतलेला सदरा घालून आला. रेडिओचं बटण फिरवलं, काही नाही. त्यानं नाक पुढं करून वास घेतला, बॉनेट उघडलं, आणि बघता बघता कानापर्यंत लाल झाला.

"कुनी फिरवली ही बॅटरी?"

दिनकररावांच्या तोंडात धोंडा होता, तो गिळवेना.

"आपोआप झालं असंल," पार्वतीबाई म्हणाल्या.

"बॅटरी आपोआप कूस बदलती व्हय, काकू? अन् ह्यो ठोका? ह्यो कुन्या रेड्यानं घातला?"

दिनकररावांची बायको सुमन घाईघाईनं पाणी आणायला आत गेली. आबासाहेबांनी एकदा जावयाकडं पाहिलं, एकदा पाहुण्याकडं, आणि घसा साफ केला.

"अरे, ओरडायला काय झालं? तुझं ते नवं मशीनच कच्चं निघालं, असं म्हण."

किशनरावांनी खिशातून किल्ली काढली. "मग राहू द्या, आबासाहेब. मी तर आधीच म्हणत होतो, टेप बसवून टाकू. परभणीत एक जण तासाभरात फळी कापून देतोय."

'फळी कापून' हे शब्द आश्रुबाच्या अंगात खिळ्यासारखे घुसले. तो ओरडला नाही. हेच भयंकर होतं. त्यानं बॉनेट हळूच खाली ठेवलं आणि चपला शोधायला लागला. ओरडणाऱ्या आश्रुबासमोर दिनकरराव रात्रभर गप्प बसले असते. ह्या गप्प आश्रुबासमोर त्यांना बसवेना. घास कसाबसा खाली गेला.

"बॅटरी मी लावली, वरवंट्यानं ठोकून," ते म्हणाले. "मशीन चांगलंच होतं. कालपर्यंत मी स्वतः ऐकलंय."

"तुम्हाला कुणी विचारलं?" आबासाहेब कडाडले. धोंड्याच्या महिन्यात जावयावर आवाज चढवणारा सेलूतला तो पहिलाच सासरा असावा. पार्वतीबाई आबासाहेबांवर चिडल्या, सुमन दारातूनच नवऱ्यावर चिडली, आणि आश्रुबाला हरवलेला आवाज सापडला.

"ह्या गाडीत प्लस बॉडीला ऱ्हातंय! इंग्रजी घडन हाय ही! तुमच्यासारख्या शहाण्यासाठी म्हनून प्लसच्या क्लॅम्पाला लाल रंग लावून ठिवला व्हता. दिसला न्हाई?"

"दिसला की."

"मंग?"

"मला वाटलं, दसऱ्याच्या पूजेचं कुंकू."

किशनराव इतके हसले की त्यांना गाडीला टेकावं लागलं. मग त्यांनी शेवरोलेची किल्ली आश्रुबाच्या हातावर ठेवली. "वरवंटा खाऊन जळलं, म्हणजे मशीन कच्चं नव्हतं. फळीला हात लावायचा नाही बरं का!"

"मला सांगता व्हय?" आश्रुबा त्यांच्यावरही खेकसला, पण किल्ली मुठीत घट्ट धरली. आबासाहेबांकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तिथंच जमिनीवर बसून, तोंडानं उस्तादाची सगळी शिकवण म्हणत, तो जळका रेडिओ उतरवायला लागला.

दिनकरराव जवळ जाऊन उकिडवे बसले. मग म्हणाले, "आश्रुबा, मी काही मदत करू का?"

आश्रुबानं मान वर न करता त्यांच्या नव्या सफारीकडं बोट केलं.

"इतके खिसे हायेत, हात घाला त्यात."