हा बदल ठेवायचा का?

नवा मॉनिटर जोडल्यापासून बाबांची एकच तक्रार होती, "अक्षरं पुसट दिसतात गं."

आज मी सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन बदललं. पडदा काळा झाला. मग अक्षरं उमटली, अगदी छापल्यासारखी रेखीव.

"आता?"

बाबांनी चष्मा सदऱ्याला पुसला, पुढे वाकून पाहिलं. "तशीच आहेत की."

म्हणजे पुसट फक्त पडदाच नव्हता.

पडद्यावर प्रश्न आला होता, हा बदल ठेवायचा का? आपण वेळेत हो म्हटलं नाही, तर कॉम्प्युटर आपणहून मागे फिरतो. किती सोय असते यंत्रांना! मी बाबांच्या डोळ्यांकडेच बघत राहिले. तेवढ्यात अक्षरं पुन्हा फुगली, पुसट झाली.

"हां, आता झकास!" माझा चेहरा बघून बाबा म्हणाले.