अडीच बिलिरुबिनचे काका

"नीचे देखो, भिया," असं म्हणत काका अंगठ्यानं समोरच्याची वरची पापणी उचलायचे. तो माणूस रिपोर्ट न्यायला आलेला असो की लाइटचं बिल द्यायला. डोळ्यातला पिवळेपणा दिव्याखाली कळत नाही, म्हणून दंडाला धरून त्याला दारातल्या उजेडात न्यायचे. देवास गेटजवळच्या आमच्या पॅथॉलॉजीत येणाऱ्या कुरिअरवाल्याची कावीळ त्यांनी अशीच पकडली. तो बिचारा पाकिटावर सही मागत होता.

मी तिथं रिपोर्ट टाइप करायचे आणि काका समोर रक्त तपासायच्या मशीनपाशी बसायचे. अकरा वर्षं आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली.

मजा म्हणजे त्यांचे स्वतःचे डोळे कायम पिवळसर. नवा पेशंट दचकून विचारायचा, "काका, आपको भी पीलिया है?" काका शांतपणे म्हणायचे, "ये तो घर का ही है." मग समजावून सांगायचे. रक्तातल्या लाल पेशी म्हाताऱ्या होऊन फुटल्या की त्यांतून बिलिरुबिन नावाचा पिवळा रंग निघतो. लिव्हर तो उचलून पित्तातून बाहेर घालवतं. काकांचं लिव्हर या कामात जन्मापासून सुस्त होतं. "सरकारी नोकरीत आहे ते," काका म्हणायचे, "काम करतं, पण सावकाश." एवढंसं जास्त असल्यानं अपाय नाही, उलट हृदयाला बरंच असावं, असं एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून लोक मुलाच्या मार्कांबद्दल बोलतात तसे काका आपल्या बिलिरुबिनबद्दल बोलत.

दर सोमवारी सकाळी ते मशीनमध्ये आधी स्वतःचं रक्त लावायचे. चारचौघांचं बिलिरुबिन एकाच्या आत असतं; काकांचा आकडा अडीचच्या आसपास आला की "मशीन ठीक है" म्हणून पहिल्या पेशंटला बोलवायचे. मशीन तपासायचा कंपनीचा द्रव फ्रिजमध्ये असायचा, पण काकांचा भरवसा स्वतःवर जास्त.

उपास घडला की अशा लोकांचं बिलिरुबिन वाढतं. आणि काका श्रावणी सोमवार करायचे. आता, इथला हिंदी लोकांचा श्रावण आपल्या मराठी श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. मराठी घरं बहुतेक कुठला तरी एक धरतात. काका दोन्ही धरायचे. "महाकाल इथले, आई-वडील तिकडचे. कोणाला नाराज करू, ताई?" त्यामुळे दीड महिना रविवार दुपारनंतर तोंडात अन्न नाही आणि सोमवारी आकडा साडेतीन, हे दरवर्षीचंच.

त्या वर्षी तो चार झाला. मग पाच. "उपास आहे ना," काका म्हणाले. हात सारखे खाजवत होते, म्हणून मी घरून खोबरेल तेलाची बाटली आणून दिली. पावसाळ्यात होतं असं, यावर आमचं एकमत झालं.

इथला श्रावण संपला, मग आपलाही संपला. पुढच्या सोमवारी काका पोटभर पोहे खाऊन आले. मशीननं साडेसात दाखवलं. काकांनी तो कागद माझ्यापुढे धरला.

"ताई, मशीन गेलं."

माणूस इतका प्रामाणिक की त्याच क्षणी दारावर "बिलिरुबिन जांच बंद है" असं लिहून लावलं आणि पेशंट दुसरीकडे पाठवू लागले. इंदूरहून इंजिनियर यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस काका मशीनच्या नावानं खडे फोडत होते, फोनवर इंजिनियरला झापत होते आणि मी हसत होते. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

इंजिनियरनं कंपनीचा द्रव तीनदा लावून पाहिला. "मशीन एकदम ओके है, सर. ये सॅम्पल किसका है?"

काकांनी रक्ताची नळी दारात नेऊन बराच वेळ पाहिली. "पेशंट का," ते म्हणाले.

मग त्यांनी आणखी एक आकडा काढला. इतरांसाठी ते तो रोज काढायचे, स्वतःसाठी कधी काढला नव्हता. सुस्त लिव्हरवाल्यांच्या रक्तात जो रंग साठतो, तो लिव्हरनं अजून हाताळलेला नसतो. हा हाताळलेला होता. लिव्हरनं आपलं काम चोख केलं होतं, पुढे पित्ताची वाटच बंद झाली होती. वाटेत गाठ आहे, हे दोन दिवसांनी इंदूरला कळलं. थोडी लवकर सापडायला हवी होती, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

हॉस्पिटलातून काकांचा फोन आला. "ताई, त्या इंजिनियरला माझ्यातर्फे सॉरी म्हणा. मी उगाच बोललो त्याला." तो फोन करायचा धीर मला चार दिवस झाला नाही.

दिवाळीच्या आधी काका गेले.

मी नानाखेड्याला त्यांच्या घरी गेले. काकूंनी मला जवळ बसवून घेतलं.

"रंग मला दिसत होता गं," त्या म्हणाल्या. "पण मी बोलले नाही. म्हटलं, रोज मशीनपुढे बसतात. काही असेल तर मशीनला कळेलच."

"कळलं होतं, काकू," मी म्हणाले. "आम्हीच ऐकलं नाही."