मशीन कामठीला, बाटल्या सावनेरला

"मशीन गेलं, वकीलसाहेब. कामठीले गेलं," गणपतराव म्हणाले आणि माझ्या ऑफिसातल्या बाकावर मटकन बसले.

गणपतराव खाप्याचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. तरुणपणी ते माग सोडून नागपुरात आले आणि इतवारीत त्यांनी सोडावॉटरचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे दोन खोल्या, गॅसचं सिलिंडर, हाताच्या चाकाने चालणारं भरणीचं मशीन आणि गोटीच्या बाटल्या. लग्नं, नाटकं, क्लब, सगळीकडे त्यांचा लेमन जायचा. जिंजरला तर गिऱ्हाईक नाव घेऊन मागायचं.

"कोणी नेलं मशीन?"

"मोठ्या जवाईबापूनं. बैलबंडी घेऊन आले, हमाल आणले, उचललं अन् गेले."

"आणि तुम्ही?"

"मी उभा होतो ना तिथं."

"काही म्हणालात?"

गणपतराव जरा घुटमळले. "म्हटलं, सांभाळून न्या."

मी कपाळाला हात लावला. पण या दोन शब्दांनी काय घोटाळा केला ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

त्याच्या साधारण महिनाभर आधी गणपतराव विल करायला आले होते. विल म्हणजे मृत्युपत्र. आपल्या मागे आपलं काय कोणाला मिळावं, ते लिहून ठेवायचं. मुलगा नव्हता, दोन मुली होत्या, दोघी लग्न होऊन गेलेल्या. घरात बायको रेवाबाई आणि भावाचा मुलगा वामन. मी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, की यात वडिलोपार्जित काय आणि तुमच्या कमाईचं काय? कारण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला हिस्सा माणसाला विलने देता येत नाही. स्वतः कमावलेलं मात्र हवं त्याला देता येतं.

"सगळं माह्या कष्टाचं," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "एक पै कोणाची नाही."

मग त्यांनी वाटणी सांगितली. कारखान्याचं नाव आणि गिऱ्हाईक वामनला. याला आम्ही गुडविल म्हणतो. दुकानाचं नाव ऐकून माणसं येतात, त्या येण्यालाही किंमत असते. मशीन कामठीच्या मोठ्या जावयाला. बाटल्या आणि लाकडी खोकी सावनेरच्या धाकट्या जावयाला. रेवाबाईंना मागची एक खोली आणि अन्नवस्त्र.

मी म्हणालो, "गणपतराव, एकाकडे नाव, दुसऱ्याकडे मशीन, तिसऱ्याकडे बाटल्या. मग सोडा भरणार कोण?"

"म्हणूनच तं तसं केलं. एकाचं दुसऱ्याशिवाय चालूच नये. मंग तिघं मिळूनमिसळून राहतीन."

"आणि न राहिले तर?"

"काहून नाही राहणार? माह्या शब्दाबाहेर नाहीत ते."

अशिलाला सल्ला देणं माझं काम. तो घेणं त्याच्या मर्जीवर. मी ड्राफ्ट करून दिला. प्रत्येक कलमात 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द घातले. सही कशी करायची तेही समजावलं. आधी तुम्ही सही करा. ती दोन साक्षीदारांनी पाहावी. मग त्यांनी तुमच्यासमोर सह्या कराव्या. काम मोजक्या माणसांत, दार लावून, गुपचूप करावं.

गुपचूप हा शब्द त्यांना आवडला नाही. "येवढं देऊन राहिलो, अन् कोणाले माहीत नको पडू?"

त्यांना कृतज्ञता हवी होती आणि तीही जिवंतपणी. अडचण एवढीच होती, की विल मेल्यावर लागू होतं आणि तेव्हा कोणी पाया पडलं तरी ते बघता येत नाही. गणपतरावांनी यावर उपाय काढला. त्यांनी विलाचा समारंभ ठेवला.

मला आमंत्रण होतं, मी गेलो नाही. पण गेलेल्यांनी मला पुष्कळ सांगितलं. अंगणात सतरंज्या होत्या. पेढे होते. फोटोग्राफर होता. शेजारच्या मास्तरांनी विल खड्या आवाजात वाचून दाखवलं. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. जावई उठून पाया पडले, वामनही पडला. रेवाबाईंच्या एका खोलीचं कलम आलं तेव्हा टाळ्या वाजवायच्या की नाही ते कोणाला कळेना. त्या आत लिंबू कापत होत्या. पाहुण्यांना सोडा लागणारच होता.

मग साक्षीदारांच्या सह्या. दोन पुरतात, असं मी सांगितलं होतं. पण इतवारीत एकाला बोलावून दुसऱ्याला वगळलं की तो वर्षभर बोलत नाही. म्हणून सगळ्यांनीच सह्या केल्या. मोठ्या जावयांची सही सगळ्यांत वर, वळणदार.

आता गणपतराव माझ्यासमोर बसले होते आणि तो कागद माझ्या हातात होता. मी तो खालून वर आणि वरून खाली पाहिला. पान साक्षीदारांनी गच्च भरलं होतं.

"गणपतराव, तुमची सही कुठे आहे?"

"माही शेवटी होती. मुख्य माणसानं शेवटी करायची असते ना?"

"मग केली का?"

"फोटोवाल्यानं पेन हातात धराले लावला. फोटो काढला. मंग पेढे आले."

म्हणजे विल नव्हतंच. ज्याचं विल त्याची सही नसेल, तर साऱ्या गावाने सह्या केल्या तरी तो नुसता कागद. पण त्या कागदावर विश्वास ठेवून लोक कामाला लागले होते. वामनने कारखान्यावर नवा बोर्ड लावला होता, स्वतःच्या नावाचा, खाली 'मालक'. धाकटे जावई बाटल्यांची खोकी सावनेरला घेऊन गेले होते. आणि आता मशीन गेलं. गणपतराव धडधाकट होते, आणि त्यांच्या मागची वाटणी त्यांच्या पुढ्यातच पार पडली होती.

"पण विलच नाही तं मशीन परत मागू ना आपण," ते म्हणाले.

"मागू. पण जावई म्हणणार, विल गेलं खड्ड्यात, सासऱ्यांनी मला मशीन बक्षीस दिलं. घरदार बक्षीस द्यायचं तर रजिस्ट्री लागते. मशीनसारखी हलणारी वस्तू नुसती हातात दिली तरी बक्षीस पुरं होतं. आणि एकदा दिलं की दिलं. तुम्ही तिथे उभे होतात. अडवलं नाहीत. वर म्हणालात, सांभाळून न्या."

"जवायाले नाही कसं म्हणाव, साहेब?"

याला कायद्यात उत्तर नव्हतं. मी उठलो आणि त्यांच्या घरी गेलो. घरात अजून एक माणूस होतं आणि त्या माणसाला कोणी काही विचारलं नव्हतं.

रेवाबाई मागच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं अंथरूण आणि ट्रंक तिथे हलवली होती. कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. अर्काचं मिश्रण, बाटल्यांची धुलाई, कोणत्या लग्नाला किती माल, हे सगळं इतकी वर्षं त्याच बघत होत्या. त्या बसल्या आणि काम थांबलं. वामन बोर्डाखाली खुर्ची टाकून मालक झाला होता. त्याला जिंजर आणि लेमन रंगावरून ओळखता यायचे, इतपतच त्याचं ज्ञान.

"बाई, तुम्ही कारखान्यात का जात नाही?"

"यायनं मले खोली देल्ली ना. मी माह्या खोलीत बसून राहिली."

"अवं, ते मेल्यावरचं हाये," गणपतराव म्हणाले.

"मंग मशीन काहून आताच गेलं?"

गणपतराव छताकडे बघू लागले. मी विचारलं, "बाई, मशीन पहिल्यांदा आणलं तेव्हा पैसे कुठून आले?"

"माह्या पाटल्या मोडल्या," त्या म्हणाल्या. "माहेरच्या होत्या. हे म्हणाले, सालभरात नव्या करून देतो."

"सगळं स्वकष्टाचं, असं म्हणाला होतात," मी गणपतरावांना म्हणालो.

"पाटल्या मोडाले सराफाकडे मीच गेलो होतो ना," ते म्हणाले. मस्करी करत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

बाईला माहेरून मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन. त्यावर नवऱ्याचा हक्क नाही. अडीअडचणीत त्याने ते वापरलं तर गोष्ट वेगळी, पण कारखाना काढायची हौस ही काही अडचण नव्हे. मी रेवाबाईंना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "टांगा बोलवा."

कामठीला जावयांच्या अंगणात मशीन ताडपत्रीखाली होतं. जावई एका कंत्राटदाराकडे कारकून होते. कागदपत्राच्या भाषेचा त्यांना अभिमान होता. मला पाहून ते सावरून बसले.

"मामाजींनी सर्वांसमक्ष दिलं आहे," ते म्हणाले.

"काय दिलं ते कागदात आहे. त्यावर साक्षीदार म्हणून पहिली सही तुमची. वाचा."

त्यांनी वाचलं. "माझ्या मृत्यूनंतर."

"मग मृत्यू झाला का?"

जावयांनी सासऱ्यांकडे पाहिलं. गणपतराव टांग्यातून उतरून घाम पुसत उभे होते. चांगला भरदार माणूस. जावई जरा वेळ विचारात पडले. मग त्यांनी मला, खरोखर हिशोब लावणाऱ्या माणसाच्या आवाजात विचारलं, "म्हणजे, साधारण किती दिवस थांबावं लागन?"

गणपतरावांचा रुमाल कपाळावरच राहिला. त्यांना जी कृतज्ञता बघायची होती ती त्यांनी तिथे बघितली.

रेवाबाई टांग्यातच बसून होत्या. तिथूनच म्हणाल्या, "जवाईबापू, यायच्या मरणाची वाट नका पाहू. त्याचा तुमाले फायदा नाही. मशीन माह्या पाटल्याचं हाये. मी कोणाले देल्लं नाही."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. नवऱ्याने त्या पैशांतून घेतलेलं मशीन बायकोचं, की पाटल्यांची भरपाई फक्त तिची, हा वाद कोर्टात बरीच वर्षं चालला असता आणि कसा संपला असता ते मी सांगू शकत नाही. पण जावई वकील नव्हते, आणि मला तिथे कोणी व्याख्यान द्यायला नेलं नव्हतं.

मोठी मुलगी दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, न्या ते. मले अंगणात वाळवण टाकाले जागा नाही."

त्याच दिवशी मशीन परत आलं. बाटल्या सावनेरहून आल्या, थोड्या फुटून. वामनचा बोर्ड उतरवला. त्याला रोजंदारीवर ठेवलं, हिंडून ऑर्डरी आणायला. त्यात तो बरा निघाला.

आठवड्याने दोघं नवरा-बायको माझ्या ऑफिसात आले. गणपतराव खाली मान घालून म्हणाले, "नवं विल करा. कारखाना सगळा हिच्या नावानं."

"मले मेल्यावरचं नको," रेवाबाई म्हणाल्या. "जे द्याचं ते आता द्या. नाहीतं माही खोली हाये."

गणपतरावांना हे पटायला जड गेलं. बायको भागीदार झाली तर बाजार काय म्हणेल, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हणालो, बाजाराने तुमच्या विलावर टाळ्या वाजवल्या होत्या. मग ते तयार झाले.

भागीदारीचा नवा कायदा तेव्हा नुकताच आला होता. मी दोघांची पार्टनरशिप लिहिली. रेवाबाईंचं भांडवल म्हणून त्यांच्या पाटल्या दाखवल्या, निम्मा नफा त्यांचा. फर्म रजिस्टर करून घेतली. लोक इथे आळस करतात. फर्म रजिस्टर नसेल तर उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर तिला दावा लावता येत नाही, हे त्यांना दावा लावायच्या दिवशी कळतं.

विलही केलं, कारण दोनच भागीदार असले की एक गेल्यावर फर्म संपते. गेलेल्याचा हिस्सा कोणाकडे जाणार ते लिहिलेलं असावं. गणपतरावांचा हिस्सा रेवाबाईंना 'पूर्ण मालकीने' असं लिहिलं. या दोन शब्दांचं कारण असं, की त्या काळी विधवेला नवऱ्याची मिळकत आली तरी ती बहुधा तिच्या हयातीपुरती असायची. तिला ती सहसा विकता यायची नाही, देता यायची नाही.

सही माझ्या ऑफिसात, दार लावून. आधी गणपतरावांची. मी बोट ठेवून जागा दाखवली आणि सही पुरी होईपर्यंत बोट काढलं नाही. साक्षीदार दोन, समोरचे डॉक्टर आणि माझा मुनशी. चहासुद्धा नंतर झाला.

गणपतराव पुढे बरीच वर्षं जगले. मोठे जावई दर सणाला येत आणि तब्येतीची चौकशी करत. गणपतराव त्यांना उत्तर देत, "अजून हाये." ते गेल्यावर मी विल वाचून दाखवलं. कोणी हरकत घेतली नाही, कोणी पायाही पडलं नाही. कारखाना एक दिवस बंद राहिला आणि पुन्हा सुरू झाला.

तेरावं झाल्यावर रेवाबाई एकट्या ऑफिसात आल्या.

"आता माहं विल करा," त्या म्हणाल्या.

मी कागद पुढे ओढला. त्यांनी कारखाना सगळाच्या सगळा एकाच माणसाला दिला, तुकडा न करता. नाव ऐकून मला आश्चर्य वाटलं, पण विचार केल्यावर ते बरोबर वाटलं. सही झाली. मी म्हणालो, "घरी सांगणार का कोणाला?"

"काहून सांगू?" त्या उठता उठता म्हणाल्या. "सध्या दोन्ही जवाई अन् वामन, तिघं मले मान देऊन राहिले. चालू द्या ना."

तीस वर्षांच्या वकिलीत मी मृत्युपत्रावर याहून चांगला सल्ला कोणाला देऊ शकलो नाही. ते नाव मीही इथे सांगत नाही. बाई अजून हयात आहेत.