नाव रेडिओवर येण्याआधी

जानेवारीतल्या वादळानंतर आमच्या सिग्नल्सच्या, म्हणजे संदेशवहनाच्या तुकडीला स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका बेटावर पाठवलं. ऑर्डर तीन दिवसांची होती. मी तेव्हा सार्जंट होतो. मूळचा नागपूरचा, शिकायला बर्मिंगहॅमला आलो आणि इथल्याच आर्मीत भरती झालो. लोक अजूनही अफगाणिस्तानबद्दल विचारतात. तिथेही होतो. पण मला सांगायचंय ते या बेटावरचं.

बेटावर वीज नव्हती. मोबाइल बंद, लँडलाइन बंद, रस्त्यांवर बर्फ. चालू होतं ते फक्त तिथलं पब्लिक रेडिओ स्टेशन. स्टेशन म्हणजे बंदराजवळच्या जुन्या शाळेतल्या दोन खोल्या आणि टेकडीवरचा मास्ट, म्हणजे प्रक्षेपणाचा उंच मनोरा. घरोघरी लोक बॅटरीच्या सेटवर ते ऐकत बसलेले असत. हेलिकॉप्टर कधी येणार, नर्स कुठे पोचली, कुठल्या हॉलमध्ये हीटिंग चालू आहे, सगळं त्यावरूनच कळायचं. लोक चालत येऊन चिठ्ठ्या देत आणि प्रेझेंटर त्या वाचून दाखवी. तिचं नाव इस्ला. वय साठीच्या पुढे. वीस वर्षं ती हेच काम करत होती.

प्रक्षेपण चालू ठेवणाऱ्या मास्टजवळच्या जनरेटरला रोज डिझेल पोचवायचं, हे आमचं काम. आम्ही तिघे होतो: मी, मेडिक प्राइस आणि कॉर्पोरल यूअन. यूअन याच बेटाचा. एकतीस वर्षांचा, कमी बोलणारा. युनिटमध्ये सगळे मला 'मेश' म्हणत. मेश्राम हे आडनाव नीट शिकून घेणारा तो एकटा. त्याची आई, मार्गरेट, बेटाच्या उत्तर टोकाला एकटी राहायची. बंदरापासून सहा मैल. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला विचारलं, आईला भेटून येऊ का, चालत जातो, रात्रीपर्यंत परत येतो. आम्ही आधीच कमी होतो. मी म्हटलं, उद्याचं काम संपलं की जा. त्याने "राइट, सार्ज" म्हटलं आणि विषय संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या बुलेटिनमध्ये इस्लाने मार्गरेटची चिठ्ठी वाचली. शेजाऱ्याने आदल्या संध्याकाळी आणून दिली होती. "यूअन, तू बेटावर आहेस हे रेडिओवरून कळलं. सवड झाली की ये. घाई नाही." प्राइसने त्याला चिडवलं. यूअनचे कान लाल झाले. तो बूट बांधत राहिला.

जनरेटरमध्ये बारा वाजेपर्यंत पुरेल एवढंच डिझेल होतं. आम्ही दहाला निघालो, प्रत्येकाकडे वीस लिटरचा एक कॅन. अकरा वीसला वर पोचलो. मास्टवर आणि त्याला ताणून धरणाऱ्या तारांवर हातभर जाडीचा बर्फ होता. वारा पडला होता. तीन दिवसांत पहिल्यांदाच ऊन आलं होतं आणि बर्फातून पाणी ठिबकत होतं. जनरेटरची खोली मास्टच्या बरोबर खाली. पन्नास मीटरवर मी सगळ्यांना थांबवलं. वरचा बर्फ कधीही सुटला असता, म्हणून पंधरा मिनिटं आम्ही नुसते बघत थांबलो.

यूअन म्हणाला, "एकेक करून जाऊ. वाट मला माहीत आहे."

"ठीक आहे. तू पुढे हो," मी म्हटलं.

अकरा चाळीसला वरून बर्फाची लादी सुटली. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. त्याचा उपयोग झाला नाही.

आम्ही त्याला ओढून बाजूला आणलं. प्राइसने लगेच सीपीआर सुरू केला. मी दोन मिनिटं त्याच्या शेजारी गुडघ्यांवर होतो. मग उठलो, यूअनच्या हातून पडलेला कॅन उचलला, खोलीपर्यंत गेलो आणि टाकी भरली. तेव्हा अकरा पन्नास झाले होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका पेशंटला न्यायला त्या दुपारी हेलिकॉप्टर येणार होतं, आणि कुठे जमायचं हे गावाला रेडिओवरूनच कळणार होतं. तरीही मी त्याच्याजवळून उठलो हे खरं आहे. बारा पाचला प्राइसने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

मी वायरलेसवर मुख्य भूमीवरच्या हेडक्वार्टर्सला कळवलं. उत्तर आलं: घरच्यांना समक्ष सांगेपर्यंत नाव जाहीर करू नये. त्यांचा ऑफिसर उद्याच्या आधी पोचू शकत नाही. मी सांगितलं, मी जातो.

"टू-वन, रॉजर. यू गो," हेडक्वार्टर्सने म्हटलं. टू-वन हे वायरलेसवरचं माझं नाव.

दीड वाजता स्ट्रेचर घेऊन आम्ही बंदरावर उतरलो. लोकांनी आम्हाला पाहिलं. मी शाळेत पोचेपर्यंत इस्लाला कोणीतरी सांगितलंही होतं. तिने गाणं लावलं आणि पॅसेजमध्ये आली. यूअनला ती तो चालायला लागल्यापासून ओळखत होती.

"मार्गरेटचा सेट चालू असणार," ती म्हणाली. "किती वेळ हवाय तुम्हाला?"

"दोन तास."

"मिळतील."

ती आत जाऊन माइकसमोर बसली. तिथल्या पोलिसाने मला लँड रोव्हरमधून चार मैल सोडलं. गाडीत रेडिओ चालू होता. इस्ला फेरीबोटीचं सांगत होती, हॉलमधल्या सूपचं सांगत होती, हेलिकॉप्टर कुठे उतरणार ते सांगत होती. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. पुढचे दोन मैल मी बर्फातून चाललो.

तीन पंचवीसला पोचलो. मी दार वाजवायच्या आधीच ते उघडलं. मार्गरेट कोट घालून उभ्या होत्या.

"तुम्ही त्याचे सार्जंट," त्या म्हणाल्या.

मी टोपी काढली आणि जे सांगायचं ते सांगितलं. ते वाक्य सरळ सांगायचं असतं, मध्ये थांबायचं नसतं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"इस्ला इतकी सावकाश कधी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "दोन वाजल्यापासून ऐकतेय. काहीतरी घडलंय आणि ती नाव घेत नाहीये, हे कळत होतं. मग बसवेना."

त्यांनी मला आत घेतलं, खुर्ची दिली. मग त्यांनी विचारलं, "काल तो का आला नाही?"

मला म्हणता आलं असतं की रस्ता बंद होता. तो होताही.

"त्याने विचारलं होतं," मी म्हटलं. "मी नाही म्हणालो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याने स्वतःहून विचारलं होतं?"

"हो. चालत येणार होता."

त्यांनी दोनदा मान हलवली. मग तोंड झाकून घेतलं आणि त्या रडल्या. मी खुर्चीत बसून राहिलो.

तीन पन्नासला बाहेर जाऊन मी वायरलेसवर बंदरावर प्राइसला कळवलं की सांगून झालंय. चारच्या बुलेटिनमध्ये इस्लाने रँक, नाव, वय आणि घर सांगितलं. पुढे ती काही बोलू शकली नाही. पूर्ण बेटावर तो आवाज बंद होता. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग तिने नर्सचा निरोप वाचायला घेतला.

चौकशीत कोणाचाही दोष निघाला नाही. पुढच्या वर्षी मी आर्मी सोडली. आता बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरी करतो. यूअन लढाईत पडला नाही, त्यामुळे लोकांना त्याची गोष्ट छोटी वाटते. दर नोव्हेंबरात, मृत सैनिकांच्या स्मृतिदिनी, आम्ही जुने सैनिक स्मारकासमोर उभे राहतो. अफगाणिस्तानात माझे दोन मित्र मारले गेले, मी त्यांचीही नावं घेतो. पण आधी कॉर्पोरल यूअनचं घेतो, कारण बाकीच्यांना मी पाठवलं नव्हतं.