चित्रात काय आहे

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या बहिणीचे. मी जन्मापासून आंधळा. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला पहिला माणूस मीच, आणि तिथवरची बहुतेक पुस्तकं मी तिच्या आवाजात ऐकली. ती सातवीत शाळा सोडून आईबरोबर पनवेलच्या बाजारात मासळी विकायला बसू लागली होती. संध्याकाळी गव्हाणला परतली की हात धुऊन माझं पुस्तक उघडायची.

धडा वाचता वाचता मध्येच थांबायची. "चित्र हाय. राजा हाय घोड्यावर. मिशी आपल्या काकासारखी. घोडा मात्र उपाशी दिसतो."

"घोडा परीक्षेत येणार नाय, ताई."

"नको येऊ दे. तुला कळायला नको, शाण्या?"

आता मी करंजाड्याला राहतो आणि पनवेलच्या एसटी स्टँडजवळ एका ऑफिसात वेबसाइट तपासतो. माझा फोन आणि संगणक पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतात. पण चित्राला कोणी वर्णन जोडलेलं नसेल, तर नुसतं "चित्र" म्हणून पुढे जातात. बटणाला नाव नसेल तर "बटण". पैसे भरायचं की अर्ज रद्द करायचं, ते आपण ओळखायचं. अशा जागा शोधून तिथे शब्द घालून घेणं हे माझं काम. "एवढं सगळं ऐकतो कोण?" शेजारच्या टेबलावरचा सहकारी विचारतो. "मी," असं म्हटलं की हसतो आणि लिहायला लागतो.

गेल्या वर्षी ताईच्या घशात कर्करोग निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागणार होतं. आदल्या दिवशी दवाखान्यात ती माझा हात धरून बसली होती.

"बोल ना काहीतरी," मी म्हटलं.

"काय बोलू आता? पापलेटचा भाव सांगू?"

त्यानंतर नर्स आली. ताईचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते.

ती घरी गेल्यावर तिचा पहिला मेसेज आला. फोन म्हणाला, "चित्र." दुसऱ्या दिवशी पुन्हा "चित्र." सहकाऱ्याला दाखवलं. गुलाब होता, शुभ सकाळ लिहिलेला. मग गणपती आला, मग समई. एका दुपारी मात्र त्याने फोन माझ्या हातातून स्वतःकडे घेतला.

"तुझी ताई आहे. गळ्याला पट्टी."

"कशी दिसते?"

"हसतेय. बहुतेक."

फोनमध्ये चित्र ओळखणारी सोय आहे, तिला विचारलं. "घरात बसलेली एक महिला," ती म्हणाली.

मी भावोजींना फोन केला. "लिही लिही म्हणून मी थकलो," ते म्हणाले. "म्हणते, तो शिकलेला हाय, माझ्या चुका त्याच्या हापिसात मोठ्यानं वाचल्या जातील."

त्याच संध्याकाळी मी तिला फोनवर हे पत्र पाठवलं.

ताई,

तुझा फोटो मिळाला. माझ्या सहकाऱ्याने पाहून सांगितलं, पण तू खरंच कधी हसतेस आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून कधी, ते त्याला कुठून कळणार? म्हणून तुलाच विचारतो. दुखतं का? गिळता येतं का? झोप लागते का? मी कानात हेडफोन घालून ऐकतो, ऑफिसात कोणाला काही ऐकू जात नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर फोन थोडं वाकडं वाचेल, मी समजून घेईन. फोनमधला आवाज कोणा परक्या बाईचा आहे. तुझे शब्द त्या आवाजात ऐकणं मला जड जाईल, तरी लिही. रडू येत असेल तर तेच लिही, हसरा फोटो नको. रविवारी करंजाड्याहून सकाळीच तुझ्याकडे यायला निघतो. तुला काय खाता येतं ते कळव, मीही तेच जेवेन.

तुझा भाऊ