लाल पानांची नोंद

"सॉफ्टवेअरने चूक वेळीच पकडली आणि वाण वाचले." आमच्या बियाणे कंपनीचे संचालक प्रत्येक नव्या भरतीला ही कथा ऐकवतात, असे कळते. कथा सुबक आहे. परंतु त्या चाचणीच्या डेटाची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यामुळे ती खोटी आहे, हे सांगण्याचा अधिकारही माझाच.

जाफराबादजवळ कापसाच्या वाणांची चाचणी होती. प्रत्येक वाणाला एक छोटा प्लॉट. त्यातला कापूस वेचून तोलायचा आणि वजन, सोबत झाडांविषयीचा शेरा, टॅबलेटवर भरायचा. पक्षपात नको म्हणून टॅबलेटवर वाणाचे नाव नसे, केवळ प्लॉटचा क्रमांक. निकालात सुनंदाताईंनी अनेक वर्षे खपून घडवलेले वाण तळाला गेले. दुपारच्या बैठकीत ते कायमचे बाद होणार होते.

"स्क्रीनवर सगळं हिरवं आहे, शेळके काका. सही करा," संचालक म्हणाले.

हिरवी खूण म्हणजे नोंद शक्यतेच्या मर्यादेत आहे, एवढेच. सही करण्यापूर्वी मी नोंदी वाचतो. ही माझी खोड आहे. सुनंदाताईंच्या वाणापुढे लिहिले होते: पाने लाल.

"ताई, तुमच्या वाणाची पाने लाल?"

"काहीतरीच काय! माझं वाण दुसऱ्या ओळीत आहे. लाल पानांचं वाण त्याच ओळीच्या विरुद्ध टोकाला."

मी शेतावरच्या बाळूभाऊंना फोन लावला. "दुसरी ओळ कुठून तोललीत?"

"विहिरीकडून, साहेब. पयली तोलत तिकडं गेल्तो. मंग रिकामंच माघारी यायचं का? औत बी तिकडूनच वळतं की!"

"टॅबलेट प्रत्येक ओळ रस्त्याकडून मोजतो, महाराज! पाटीवरचा क्रमांक पाहिला नाहीत?"

"पाट्या पावसानं पुसल्या ना. बराबर तोललंय बघा, बिलकुल फरक न्हाई."

वजने खरोखरच अचूक होती; एकाआड एक ओळीत ती भलत्याच वाणांच्या नावे जमा झाली होती. आम्ही शेतावर जाऊन पडताळले, नोंदीतल्या त्या ओळींचा क्रम उलटवला. सुनंदाताईंचे वाण वरच्या तिनांत आले आणि पुढच्या चाचणीला गेले.

"म्हणजे सिस्टिमने पकडलंच की!" संचालक म्हणाले.

"सिस्टिम म्हणजे मी असेन, तर अवश्य."

डेटा कुठे उभे राहून गोळा केला, हे विचारल्याशिवाय त्यावर सही करू नये. बाकी वाद मी एका वाक्यात मिटवतो. तो मूळ स्क्रीन कंपनीने जतन केला आहे: हिरव्या पानांच्या वाणापुढे 'पाने लाल', आणि त्या नोंदीवर सॉफ्टवेअरने केलेली हिरवी खूण.